नाशिकच्या प्रशिक्षक, इराणचे सुवर्ण

२४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धेतील महिला कबड्डीचा अंतिम सामना इराणने भारतावर २७-२४ असा जिंकला. महिलांची कबड्डी या स्पर्धेत २०१० साली ग्वांगझूमध्ये दाखल झाली. त्या वेळचे आणि २०१४ साली इंचॉनचे, अशी दोन्ही सुवर्णपदके भारताने मिळवली होती. इंचॉनच्या अंतिम सामन्यात तर हाच इराण पराभूत झाला होता. जकार्तात इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

महाराष्ट्रात या खेळाची मुळे खोल आहेत. लालबाग-परळच्या गिरणी कामगार वस्त्यांत व्यायामशाळांनी आणि क्रीडा मंडळांनी कबड्डी जगवली, शंकरराव (बुवा) साळवी यांनी तिच्या संघटनेला आयुष्य वाहिले, आणि शिवशक्तीसारख्या संघांनी मुलींना मैदानात उतरवले. २०१२ साली पाटण्यात पहिला महिला विश्वचषक भारताने इराणलाच हरवून जिंकला, तेव्हा संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. जैन याच परंपरेतल्या. आधी खेळाडू, मग नाशिकमध्ये तीन दशके मुलींच्या प्रशिक्षक. भारतीय संघाचे प्रशिक्षकपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही, आणि ही सल त्यांनी पुढे मुलाखतींत बोलून दाखवली. इराणचे बोलावणे त्यांनी स्वीकारले ते साठीच्या उंबरठ्यावर, स्वतःला सिद्ध करायचेच या जिद्दीने.

तिथे भाषा, आहार, पेहराव सारेच वेगळे. जैन शाकाहारी, शिष्या डोके झाकून, पूर्ण बाह्यांच्या पोशाखात खेळणाऱ्या. दुभाष्यावर विसंबून कबड्डी शिकवता येत नाही; पकड कधी घालायची, चढाईपटूला किती आत येऊ द्यायचे, हे त्या क्षणी ओरडून सांगावे लागते. म्हणून जैन आधी फारसी शिकल्या. मग त्यांनी सरावात योगासने आणि प्राणायाम आणले. चढाई तीस सेकंदांची, आणि तेवढा वेळ ‘कबड्डी’चा उच्चार तुटता कामा नये, दम गेला की चढाईपटू बाद. प्राणायामाचा संबंध थेट खेळाशी आहे, तो असा.

अंतिम सामन्यात मध्यंतराला भारत १३-११ असा पुढे होता. उत्तरार्धात इराणने आघाडी घेतली ती सोडली नाही. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनीही उपांत्य फेरीत भारताला हरवले होते, त्यामुळे हा निकाल निव्वळ नशिबाचा म्हणता येत नाही. इराणमध्ये हा खेळ पद्धतशीरपणे रुजला होता, आणि जैन यांनी तिथल्या मुलींना शेवटचा टप्पा पार करून दिला. परक्या संघाला शिकवले म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे ज्ञान वापरायची संधी भारताला आधीच होती.

भारतीय महिलांनी ते सुवर्ण ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला परत मिळवले. चायनीज तैपेईविरुद्धच्या त्या अंतिम सामन्याचा निकाल २६-२५ असा एका गुणाचा होता.