गादी वारशाने, जबाबदारी लायकीने

आपल्या शहराची पायाभरणी ज्याने केली, त्याची कबर खुलताबादला आहे. मलिक अंबर हबशातून गुलाम म्हणून विकला गेला होता. ना खानदान, ना जहागीर. तरीही तो निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद). नहर-ए-अंबरीचे पाणी त्याने घराघरापर्यंत नेले.

हे आठवले की सूरह बकरामधला तालूतचा किस्सा आपसूक समोर येतो. बनी इस्राईलने आपल्या प्रेषितांकडे बादशहा मागितला. अल्लाहने तालूतला निवडले, तेव्हा सरदार कुरकुरले. हक्क आमचा, आणि याच्याकडे तर धनदौलतही नाही! उत्तर मिळाले की अल्लाहने त्याला इल्म आणि शरीरबळ दोन्ही भरपूर दिले आहे, आणि राज्य अल्लाह हवे त्याला देतो. बायबलप्रमाणे तालूत बिन्यामीन या लहानशा कबिल्यातला होता. पुढे त्याच्याच फौजेतल्या हजरत दाऊद (अ.) यांनी जालूतला ठार केले. तालूतच्या मुलाला नव्हे, त्यांना राज्य आणि हिकमत मिळाली.

मग बापानंतर मुलगा नकोच का? तसे नाही. हजरत दाऊद (अ.) यांचे वारस त्यांचे पुत्र हजरत सुलेमान (अ.) झाले. पण शेतात शिरलेल्या बकऱ्यांच्या खटल्यात अल्लाहने त्यांना खास समज दिल्याचे कुरआन आवर्जून सांगते. नाते होतेच, सोबत पात्रताही होती.

तालूतची निवड वह्यीने झाली. आज तसा दावा कोणीच करू शकत नाही. आपल्या हाती उरते ती लायकीची कसोटी. ती सुटली की काय होते, तेही याच मातीने पाहिले आहे. 1626 मध्ये मलिक अंबर वारला आणि त्याचा मुलगा फतहखान पुढे वजीर झाला. त्याने आपल्याच सुलतानाचा खून करवला आणि 1633 मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला.

मशिदीचा मुतवल्ली, मदरशाचा नाजिम, वडिलांच्या दुकानाचा कारभारी निवडताना आपणही म्हणतो, 'मोठ्या मुलाचाच हक्क.' मालमत्तेचे हिस्से कुरआनने ठरवून दिले आहेत. त्यात मुलींचा हिस्साही आहे आणि तो द्यायलाच हवा. जबाबदारी मात्र हिस्सा नाही, अमानत आहे. आणि अमानत तिच्या पात्र माणसाकडेच सोपवा, असा अल्लाहचा हुकूम आहे.