रविवारची सायकल, सगळ्यांसोबत

"ताई, चालायला जा म्हणता, पण एकटीनं चार दिवसांच्या वर होत नाही." वस्तीत बीपी तपासताना हे मी नेहमी ऐकते. खरे सांगायचे तर माझेही तेच होते. रात्रपाळीत दुसऱ्यांचे बीपी मोजता मोजता चाळिशीत माझेच वाढले. दोनदा चालणे सुरू केले, दोनदा सुटले. टिकली ती सायकल. कारण रविवारी पहाटे कोपऱ्यावर दहा जण माझी वाट पाहत असतात.

पहिल्या दिवशी मी मुलीची शाळेची सायकल घेऊन गेले. काही जणांकडे गिअरच्या सायकली, डोक्यावर हेल्मेट. परत फिरावेसे वाटले. आपल्याकडे सायकल म्हणजे गरिबीची खूण. घरी गाडी आली की ती भंगारात जाते. इंदोऱ्याहून निघालो, सदर ओलांडले आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर माझा दम संपला. मी उतरून सायकल ढकलू लागले. मागचा पोरगाही उतरला आणि गप्पा मारत सोबत चालला. वर सगळे थांबले होते. कोणी हसले नाही. या क्लबचा नियमच आहे: पुढच्याने वाट दाखवायची, सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठेवायचा आणि वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याचा. त्या दिवशी फुटाळ्यापर्यंत गेले ती त्या नियमामुळे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढा. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. रविवारी दोन तास झाले, तर उरलेला अर्धा तास आठवड्यात बाजाराला किंवा कामावर सायकलने जाऊन भरून निघतो. सायकल चालवताना अंगाचा बराच भार सीटवर असतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्या अनेकांना ती सोपी जाते. नियमित चालवली तर बीपी आणि साखर आटोक्यात ठेवायला मदत होते. माझी गोळी बंद झालेली नाही, पण बीपी आता ताब्यात आहे. तुम्हीही गोळी मनाने बंद करू नका.

निघण्यापूर्वी एवढे पाहा:

• हवा, ब्रेक आणि मागचा लाल दिवा तपासा. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढी सीट उंच ठेवा.
• ओढणी, पदर बांधून घ्या, चेनमध्ये अडकतो.
• हेल्मेट घाला. रस्त्याच्या डावीकडून एकामागे एक चला आणि मध्ये अंतर ठेवा. खड्डा दिसला की मागच्याला हाताने खूण करा.
• साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये. खिशात साखर ठेवावी आणि सोबतच्याला आजार सांगून ठेवावा. घाम, थरथर, चक्कर जाणवताच थांबून साखर खावी.
• छातीत दुखले किंवा दम फारच लागला तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. हृदयरोग असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
• उन्हाळ्यात उजाडताच निघा, ऊन चढण्याआधी घरी या. पाणी सोबत असू द्या.

"मला येतच नाही, या वयात काय शिकू?" असे म्हणणाऱ्या मायमाउल्यांसाठी: तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर खेड्यापाड्यांतल्या हजारो बाया सायकल शिकल्या. शिकलेल्या बाईने दुसरीला शिकवले. आपल्या वस्तीतही मोकळे मैदान आहे आणि कॅरियर धरायला आपल्या मुली आहेत.

क्लबसाठी महागडी सायकल नको, वर्गणी नको. पाच माणसे, एक ठरलेली वेळ आणि शेवटच्यासाठी थांबण्याची तयारी, एवढे पुरे. परतताना तर्री-पोहे ठरलेलेच. बीपीवाल्यांनी तर्री अर्धी घ्यावी, गप्पा मात्र पुऱ्या.