उशीर कोणाच्या पथ्यावर पडतो? कायद्यापुढील समानता आणि अंतुले खटला



आजच्या विषयाची सुरुवात आपण एका वाक्याने करू. हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलेले आहे: “मोठ्या माणसांना काही होत नाही हो!” एखाद्या नेत्यावर गुन्हा दाखल झाला की आपण म्हणतो, “बघा, सुटेल.” सुटला की म्हणतो, “सांगितलं नव्हतं?” आणि ‘बळी तो कान पिळी’ म्हणून विषय संपवतो.

या वाक्यातला राग खरा आहे. पण नुसत्या रागाला पत्ता नसतो. गाडे नेमके अडते कुठे? कायद्याच्या पुस्तकात? न्यायाधीशांच्या खुर्चीत? की आणखी कुठे? हा पत्ता आज आपण शोधणार आहोत. त्यासाठी महाराष्ट्रातलाच एक जुना खटला घेऊ. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचा हा खटला विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो.

पुस्तकात काय लिहिले आहे?

राज्यघटनेचे कलम १४ सांगते की राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढील समानता नाकारणार नाही. ‘कोणत्याही व्यक्तीला’ हे शब्द लक्षात ठेवा. याला घटनेतच एक अपवाद आहे. कलम ३६१ प्रमाणे राष्ट्रपती आणि राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही. पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांना हे संरक्षण नाही. म्हणजे पुस्तकापुरते पाहिले तर मुख्यमंत्री आणि रिक्षावाला दोघेही एकाच रांगेत उभे आहेत.

मग रांग मोडते कुठे? पुस्तक आणि कोर्ट यांच्या मध्ये जी दारे आहेत, तिथे. अंतुले खटल्यात ही दारे एकामागून एक दिसतात.

सिमेंट, देणग्या आणि पहिले दार

अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवाना नाही तर सिमेंट नाही, अशी परिस्थिती. मुख्यमंत्र्यांशी संबंधित ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’सारख्या न्यासांना देण्याग्या दिल्या की बांधकाम व्यावसायिकांना जादा सिमेंट मिळते, असा आरोप झाला. १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण उजेडात आणले. भाजपचे रामदास नायक तक्रार घेऊन कोर्टात गेले.

इथे पहिले दार आले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवकावर खटला चालवायचा, तर त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याची आधी मंजुरी लागते. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत ते राज्यपाल. सप्टेंबर १९८१ मध्ये ती मंजुरी हातात नव्हती, आणि तिच्याशिवाय कोर्टाला भ्रष्टाचाराच्या आरोपांची दखल घेता येईना.

मंजुरीची ही तरतूद मुळात वाईट हेतूने केलेली नाही, हेही समजून घेऊ. प्रामाणिक अधिकाऱ्याने एखादा कटू निर्णय घेतला आणि दुखावलेल्या माणसाने त्याला कोर्टात खेचले, असे रोज झाले तर कोणी सहीच करणार नाही. म्हणून ही ढाल. अडचण एवढीच, की ढाल देणारा हात बहुतेक वेळा सत्तेच्या जवळचाच असतो.

पुढे १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंटवाटपाविषयी निकाल दिला आणि अंतुलेंना पद सोडावे लागले. जुलैमध्ये राज्यपालांची मंजुरी आली, ऑगस्टमध्ये विशेष न्यायालयात नवी तक्रार दाखल झाली. वाटले, आता गाडी रुळावर आली.

पण जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी सांगितले की अंतुले अजून आमदार आहेत, आमदारही लोकसेवक आहे, तेव्हा त्यासाठी वेगळी मंजुरी हवी. आरोपी दोषमुक्त. नायक सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९८४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा निर्णय फिरवला. या अर्थाने आमदार लोकसेवक नाही, आणि ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पदच सुटले असेल तर मंजुरीची गरज नाही, असे त्यांनी सांगितले.

आता हिशेब करा. तक्रार १९८१ची, हा निकाल १९८४चा. सुमारे अडीच वर्षे कशात गेली? “पैसे घेतले का?” या प्रश्नात नाही, तर “हा प्रश्न विचारता येतो का?” यात.

घाईचा उपाय आणि त्याची किंमत

सर्वोच्च न्यायालयालाही हा उशीर खुपला असणार. १९८४च्या त्याच निकालात त्यांनी खटला विशेष न्यायालयातून काढून थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला आणि रोजच्या रोज सुनावणी घ्यायला सांगितले. लोकांना बरे वाटले असेल. आपल्यालाही वाटले असते.

२९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की आपलेच ते पाऊल चुकले होते. १९५२च्या कायद्याप्रमाणे असे गुन्हे फक्त विशेष न्यायाधीशांनीच चालवायचे असतात. इतर आरोपींना विशेष न्यायाधीशांच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येते. खटलाच उच्च न्यायालयात चालवल्यामुळे अंतुलेंची अपिलाची ती पायरी गेली. इतरांना जे मिळते ते एका आरोपीला मिळाले नाही, म्हणून हा कलम १४चा भंग.

बघा, गंमत इथे आहे. ज्या कलमाचा आधार घेऊन आपण म्हणतो की नेत्यालाही सामान्यासारखेच वागवा, तेच कलम इथे माजी मुख्यमंत्र्याच्या कामी आले. ऐकणाऱ्याचा पहिला उद्गार “झालं! सुटायला वाट मिळाली!” असाच असतो.

पण थोडे थांबून विचार करू. लोक चिडले आहेत म्हणून एका माणसासाठी ठरलेली पद्धत बाजूला ठेवता येते, हे एकदा मान्य केले, तर उद्या ती कोणासाठी बाजूला ठेवली जाईल? चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला वेळ लागत नाही. समान न्याय म्हणजे मोठ्या माणसाला जास्त कडक न्याय नव्हे. त्याला तितकाच न्याय, तितक्याच पायऱ्यांनी आणि तितक्याच वेळात.

त्यातली ‘तितक्याच वेळात’ ही गोष्ट मात्र झाली नाही. चार वर्षे उच्च न्यायालयात चाललेले काम मागे पडले आणि खटला पुन्हा विशेष न्यायालयाकडे गेला. डिसेंबर १९९१ मध्ये याच प्रकरणात आणखी एका घटनापीठाने सांगितले की जलद सुनावणी हा कलम २१ने दिलेला आरोपीचा मूलभूत हक्क आहे. पण खटला इतक्या वर्षांत संपलाच पाहिजे अशी सरसकट मुदत घालून द्यायला न्यायालयाने नकार दिला.

दरम्यान राजकारण थांबले नव्हते. १९८९ मध्ये अंतुले लोकसभेवर निवडून गेले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. या प्रकरणात ते दोषी ठरले नाहीत. ते दोषी होते की नव्हते हे ठरवणे आमचे काम नाही. आमचा मुद्दा असा, की या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळणे महाराष्ट्राचा हक्क होता. आणि ते निर्दोष असतील, तर तो त्यांचाही हक्क होता.

एकच उशीर, दोन माणसे

आता कोणी म्हणेल, उशीर काय, सगळ्यांनाच होतो. शेताच्या बांधाचा दावासुद्धा आजोबा लावतात आणि नातू संपवतो. मग यात विषमता कुठे आली?

विषमता उशीर सोसण्यात आहे. आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला संपलेला नाही. त्यांतल्या अनेकांचे वकील जेमतेम असतात. काहींना तर जामीन मंजूर झालेला असतो, पण हमीदार मिळत नाही म्हणून ते आतच राहतात. अशा माणसासाठी उशीर हीच शिक्षा असते, निकालाआधीची.

सत्तेतल्या माणसाचे उलटे. तो बहुधा बाहेर असतो. प्रत्येक पुढची तारीख त्याला आणखी एक निवडणूक, आणखी एक पद मिळवून देऊ शकते. साक्षीदार म्हातारे होतात, तपास अधिकारी निवृत्त होतात, लोक विसरतात. कोर्ट तेच, कायदा तोच, उशीरही तोच. पण एकाला तो गजांआड ठेवतो आणि दुसऱ्याला खुर्चीवर.

इतर राज्यांतही हेच चित्र दिसते. बिहारचा चारा घोटाळा १९९६ मध्ये उघड झाला. त्यात लालूप्रसाद यादव यांना पहिल्यांदा दोषी ठरवणारा निकाल सप्टेंबर २०१३ मध्ये आला. जयललितांवरचा बेहिशेबी मालमत्तेचा गुन्हा १९९६चा. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला तमिळनाडूबाहेर, कर्नाटकात नेला. २०१४ मध्ये शिक्षा, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाकडून सुटका, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द आला, तेव्हा त्यांचे निधन होऊन दोन महिने झाले होते.

दारे आज कुठल्या स्थितीत आहेत?

काही दारे उघडली आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(४)मध्ये विद्यमान आमदार-खासदारांना खास सवलत होती. दोषी ठरल्यावर तीन महिन्यांत अपील केले की ते निकाली निघेपर्यंत सदस्यत्व शाबूत. सामान्य उमेदवाराला ही सोय नव्हती. जुलै २०१३ मध्ये लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. २०१७ मध्ये लोकप्रतिनिधींच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालयांचा आदेश झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये ठरले, की आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना सरकारला मागे घेता येणार नाहीत. हे महत्त्वाचे आहे, कारण सत्ता बदलली की खटला गुपचूप मागे घेणे हेही एक दारच होते, मागचे.

काही दारे मात्र आणखी घट्ट झाली. १९८४ मध्ये न्यायालय म्हणाले होते की पद सुटले की मंजुरी नको. २०१८च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातले हे संरक्षण पद सोडलेल्यांनाही मिळाले. शिवाय कलम १७अ आले. लोकसेवकाने अधिकारात घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी करायची, तरी आधी परवानगी. मंजुरीसाठी तीन महिन्यांची मुदत घातली आहे, आणखी एक महिना वाढवता येतो. पण मुदत उलटली म्हणून मंजुरी आपोआप मिळाली असे कायदा म्हणत नाही.

मग आपण काय विचारायचे?

“मोठ्यांना काही होत नाही” या वाक्याचा तोटा असा, की त्याला कोणी उत्तर द्यायला बांधील नसते. त्याऐवजी नेमका प्रश्न विचारू या. खटला कुठल्या दारात अडला आहे? चौकशीच्या परवानगीत? मंजुरीत? आरोप निश्चित होण्यात? वरच्या कोर्टाच्या स्थगितीत? आणि त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे?

हे शोधायला वकील असावे लागत नाही. प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे प्रलंबित खटले शपथपत्रात लिहावे लागतात, आणि ते शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. त्यातला खटला क्रमांक घेऊन ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला, तर पुढची तारीख आणि खटल्याचा टप्पा कळू शकतो. फेब्रुवारी २०२० पासून पक्षांनाही सांगावे लागते, की गुन्हे प्रलंबित असताना हाच उमेदवार का निवडला. ते कारण एकदा वाचून बघा.

आपल्या मतदारसंघातल्या एका खटल्यापुरते एवढे केले तरी पुरे. मग मत मागायला दारात आलेल्या माणसाला, तो कुठल्याही पक्षाचा असो, विचारता येईल: “साहेब, तुमचा खटला या टप्प्यावर इतकी वर्षे थांबलाय. तो लवकर संपावा म्हणून तुम्ही कोर्टात काय केलंत?” निर्दोष माणसाला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. त्याला तर निकालाची घाई आपल्याहून जास्त असायला हवी.