कर्नेल मॉड्यूलमधील कालबाह्य आवृत्ति-तपासण्या

कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि त्यास जोडली जाणारी मॉड्यूले यांचा संबंध कायमचा ठरलेला नसतो. लिनक्समध्ये कर्नेलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक पालटू शकते. ती स्थिर ठेवण्याचे बंधन तिच्या कर्त्यांनी हेतुतः स्वीकारलेले नाही. उदाहरणार्थ, ५.६ या आवृत्तीपासून (२०२०) ‘प्रॉक’ फाइलींसाठी ‘फाइल ऑपरेशन्स’ऐवजी ‘प्रॉक ऑप्स’ ही निराळी रचना आली. एकच मॉड्यूल जुन्यानव्या कर्नेलांवर चालावे म्हणून लेखक ‘आवृत्ती ५.६ वा नंतरची असल्यास हा भाग, अन्यथा तो’ अशी अट घालतो. ही अट मॉड्यूल चालताना तपासली जात नाही. संकलनाच्या आरंभीच प्रीप्रोसेसर एक शाखा ठेवून दुसरी वगळतो.

सायन-पनवेल मार्गाने मुंबईत शिरणाऱ्या मालमोटारींना पूर्वी मानखुर्दच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. कर गेल्यावर नाक्याची इमारत उरली तरी तपासण्याजोगे काही उरत नाही. मॉड्यूल कर्नेलच्या मूळ संहितेत समाविष्ट झाले की आवृत्ति-तपासणीची हीच गत होते. तेथे आवृत्ती एकच असल्याने अटीचे उत्तर आधीच ठरलेले असते. म्हणूनच कर्नेलसोबत येणारे ‘चेकपॅच’ हे साधन अशा अटीविषयी इशारा देते. वगळलेली शाखा कधी संकलित होत नाही, म्हणून तिची परीक्षाही होत नाही. परंतु वाचणारा तिला जिवंत समजतो आणि प्रसंगी दुरुस्ती तिच्यातच करून बसतो. कर्नेलमधील एक चूक सबंध यंत्र बंद पाडू शकते, हे लक्षात घेता हा धोका क्षुल्लक नव्हे.

शिवाय आवृत्तीचा अंक हा गुणाचा पुरावा नव्हे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ (२०१४) मधील कर्नेल नावाने ३.१० होता, पण नंतरच्या आवृत्त्यांतील अनेक सुधारणा त्यात आणल्या गेल्या होत्या. अंकाची मांडणीही मर्यादित आहे. पहिला अंक ६५,५३६ ने व दुसरा २५६ ने गुणून त्यांत तिसरा मिळवितात. त्यामुळे ४.४.२५५ चे मूल्य २,६३,४२३ येते, ४.४.२५६ चे २,६३,४२४ येते, आणि नेमके तेच ४.५.० चेही आहे! फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४.२५६ ही आवृत्ती खरोखरच निघाली, तेव्हा या गणितापुरता तिसरा अंक २५५ वर रोखावा लागला.

तपासण्या काढण्याचा क्रम सोपा आहे. प्रथम कोणत्या आवृत्तीखाली आधार द्यावयाचा नाही, ते ठरवून नोंदवावे. मग त्या मर्यादेमुळे नेहमी खऱ्या वा नेहमी खोट्या ठरणाऱ्या अटीच तेवढ्या काढाव्यात. त्याच बदलात दुसरी सुधारणा मिसळू नये. शेवटी पूर्वीची व नंतरची संकलित फाइल ताडून पाहावी. ओळींचे क्रमांक नोंदले जातात तेवढा भाग सोडल्यास यंत्रसंहितेत भेद दिसता कामा नये; दिसल्यास भलतीच शाखा काढली गेली असा संशय घ्यावा.

कर्नेलबाहेर राहणाऱ्या मॉड्यूलांना मात्र अटींची गरज उरतेच. त्यांनी ओपनझेडएफएसप्रमाणे लहान चाचणी संकलित करून ती सुविधा प्रत्यक्ष आहे की नाही हेच पाहावे. अंकाला विचारण्यापेक्षा वस्तूला विचारणे केव्हाही अधिक विश्वसनीय होय.