झाडीपट्टीतील कळलावी

उष्ण कटिबंधातील भडक रंगांची फुले म्हटली की हेलिकोनिया, अँथुरियम यांसारख्या दमट हवेत वाढणाऱ्या झाडांचा विचार प्रथम मनात येतो, आणि ही हौस कोकण-गोव्यातल्या बागांनीच करावी, असा समज होऊन बसतो. उष्ण कटिबंध मात्र सर्वत्र एकाच तऱ्हेचा नाही. झाडीपट्टीतील गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेलगत असलेल्या सालेकसा तालुक्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, पुढचे महिने बहुतांशी कोरडे जातात आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पलीकडे चढतो. कोलंबिया-इक्वेडोरकडील दमट वनांतून आलेल्या अँथुरियमला अशा हवेत सावलीच्या जाळीखाली, पाण्याचे फवारे मारून जगवावे लागते. याउलट, उन्हाळ्यात वरची पालवी वाळवून केवळ कंदाच्या रूपाने मातीत टिकून राहणाऱ्या वनस्पती येथे फारशा निगेविना फुलतात. कळलावी ही त्यांतील सर्वांत देखणी म्हणावी लागेल.

खड्यानाग किंवा अग्निशिखा या नावांनीही ओळखली जाणारी ही वेल आफ्रिका व आशियाच्या उष्ण प्रदेशांत रानोमाळ आढळते. ती झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्प आहे आणि तमिळनाडूचे राज्यपुष्पही. पानाचे टोक लांबून त्याची दोऱ्यासारखी वळणारी तणावी बनते आणि तिच्या आधारे वेल कुंपणावर किंवा झुडपावर चढते. फुलाची सहा परिदले, म्हणजे पाकळ्यांसारखे दिसणारे भाग, कडेने नागमोडी असून मागे वळलेली असतात; उमलताना हिरवट असलेला त्यांचा रंग पिवळा, नारिंगी आणि अखेरीस लालभडक होत जातो, त्यामुळे एकाच वेलीवर हे सर्व रंग एकाच वेळी पाहावयास मिळतात.

लागवडीचा भर कंदावर असतो, कारण बियांपासून वाढवलेल्या रोपाला फूल येण्यास काही वर्षे लागतात. कंद इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा असून त्याच्या प्रत्येक भुजेच्या टोकाशी डोळा असतो. हा डोळा दुखावला तर ती भुजा उगवत नाही, आणि कंद ठिसूळ असल्याने तो दुखावणे फार सोपे. म्हणून खणताना व लावताना घाई नडते. पावसाच्या तोंडाशी कंद आडवा ठेवून मातीने झाकतात व वेलीला तारेची जाळी किंवा काटक्यांचा आधार देतात. धानाच्या बांधीत पाणी साचत असल्याने तेथे कंद कुजतो. निचऱ्याची मुरमाड जमीन, उंच वाफा किंवा धुऱ्याचा चढाचा भाग त्याला मानवतो.

तमिळनाडूत कळलावीची शेती होते ती बियांसाठी. बियांतील कोल्चिसिन हे द्रव्य गाऊट या सांध्यांच्या विकारावर औषध म्हणून वापरतात. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंची जुळणी हे द्रव्य रोखते, त्यामुळे दुप्पट झालेली गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात; बिनबियांच्या कलिंगडाच्या निर्मितीत याच गुणाचा उपयोग होतो. कळलावीच्या फुलात स्त्रीकेसराचा दांडा परागकोशांपासून दूर, काटकोनात वळलेला असतो, त्यामुळे बी भरपूर धरावे म्हणून शेतकरी सकाळी हाताने परागण करतात. नुसत्या शोभेसाठी वेल लावणाऱ्याला हा खटाटोप नको.

परंतु तेच द्रव्य जीवघेणे विषही आहे. वेलीचे सर्वच भाग विषारी असले तरी कंद अधिक घातक, आणि रानातील कंदमुळे खाण्याची रीत असलेल्या मुलखात तो रताळ्यासारखा दिसणे ही साधी गोष्ट नव्हे. वांत्या व जुलाब यांपासून सुरू होणारी विषबाधा प्राणावर बेतू शकते. म्हणून लहान मुले आणि जनावरे यांच्या वाटेवर ही वेल लावू नये, कंद हाताळताना हातमोजे घालावेत आणि साठवणीचे कंद स्वयंपाकघरातील जिन्नसांजवळ ठेवू नयेत. एवढे विष असूनही काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके मिरवणारी एक अळी तिची पाने खुशाल फस्त करते, आणि वेल वाचवायची तर ऐन पावसाळ्यात ही अळी रोज वेचून काढावी लागते.