तेल-पाण्याच्या सीमेवरचा उत्प्रेरक

लाकडाचा भुसा किंवा उसाचं चिपाड हवेशिवाय सुमारे 500 अंश सेल्सिअसला झटकन तापवलं, की काळपट, उग्र वासाचा द्रव मिळतो. हे जैवतेल. नावाला तेल, पण त्यात पाव हिस्सा पाणी असू शकतं, शिवाय आम्लं आणि ऑक्सिजनयुक्त संयुगं भरपूर. इंजिनात ते थेट चालत नाही. ऊर्ध्वपातन करायला जावं, तर तापतानाच ते घट्ट होऊन कोळशासारखं बसतं. त्यामुळे आधी घटक वेगळे करायचे आणि मग सुधारायचे, ही खनिज तेलाची वाट इथे बंद होते.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात डॅनियल रेसास्को आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. 2010च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांनी सिलिकाला कार्बनच्या नॅनोनळ्यांची जोड दिली आणि या कणांवर पॅलेडियम हा उत्प्रेरक धातू बसवला. सिलिकाला पाण्याची ओढ, नळ्यांना तेलाची. त्यामुळे कण नेमका दोन्हींच्या सीमेवर थांबतो.

घन कणांनी टिकणारं असं इमल्शन, म्हणजे एका द्रवात दुसऱ्याचे थेंब विखुरलेलं मिश्रण, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पिकरिंग यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांचा शोधनिबंध 1907चा. इमल्शन साबणानेही टिकतं, पण साबणाचे रेणू सीमेवर ये-जा करत राहतात. दहा नॅनोमीटर त्रिज्येचा कण मात्र तिथून उपटायला, रेणूंच्या उष्णताजन्य धडपडीच्या हजारो पट ऊर्जा लागू शकते. आणि ही सीमा लहानसहान नसते. एक लिटर तेलाचे दहा मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले, तर त्यांचं एकूण पृष्ठफळ 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे भरतं!

प्रयोगासाठी रेसास्को यांच्या गटाने व्हॅनिलिन घेतलं. आइस्क्रीमच्या व्हॅनिला वासाचा हा रेणू. लाकडातल्या लिग्निनमुळे जैवतेलात त्याच्यासारखे अनेक रेणू असतात. सीमेवर पॅलेडियम आणि हायड्रोजनने त्यातला ऑक्सिजन कमी केला, की तयार झालेला रेणू आपणहून तेलात जातो. अभिक्रिया आणि विलगीकरण एकाच भांड्यात, एकाच वेळी! मला या संशोधनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. शिवाय कण घन असल्यामुळे काम झाल्यावर गाळून परत मिळतात. साबण वापरला असता, तर तो काढून टाकणं हे वेगळंच काम होऊन बसलं असतं.

अडचणी आहेतच. पॅलेडियम महाग, आणि खऱ्या जैवतेलात एक नव्हे, शेकडो संयुगं. गरम पाण्याचा त्रासही मोठा: तेलशुद्धीकरणात मुरलेले झिओलाइट नावाचे सच्छिद्र स्फटिक उत्प्रेरक त्यात ढासळतात. 2012मध्ये याच गटाने झिओलाइटवर पाणी झटकणारा सेंद्रिय सिलेनचा थर चढवला. तेव्हा झिओलाइट सीमेवर तर थांबलाच, पण 200 अंशांच्या पाण्यातही टिकला.