पावसाळा, लिनक्स आणि घरचीं टिपणें

लोणावळ्याचा पाऊस पाहावयास लोक दुरून येतात. परंतु ज्यांच्या घरीं तो चार महिने मुक्कामास असतो, त्यांस त्याचें कौतुक बेताचेंच असतें. धुकें खिडकींतून आंत येतें, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते आणि वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणीं जुने कागद टिकवावयाचे, तर त्यांची प्रत करून ठेवणें प्राप्तच आहे. आम्हीं ती संगणकावर केली. कुलवृत्तांताचीं टिपणें, मोडी पत्रांचीं बाळबोध लिप्यंतरें आणि वडीलधाऱ्यांनीं सांगितलेल्या आठवणी असा तो संग्रह होता.

दोन पावसाळ्यांपूर्वीं एका रात्रीं वीज चार वेळां येऊन गेली आणि सकाळीं संगणक सुरू होईना. दुरुस्तीस आलेला कारागीर म्हणाला, "काका, डिस्क नवी मिळेल, आंतलें मिळणार नाहीं." मोडी पत्रें कपाटांत होतीं, तीं पुन्हां वाचतां आलीं. परंतु कोंकणांत राहिलेल्या शाखेचीं नांवें आत्याबाईंनीं तोंडीं सांगितलेलीं, तीं केवळ त्या डिस्कवर होतीं. आणि आत्याबाई त्याच चैत्रांत निवर्तल्या होत्या.

नवी डिस्क बसविली, तरी पुढें दुसरी अडचण उभी राहिली. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ साठीं लागणारी टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय आमच्या यंत्रांत नव्हती. चालतें यंत्र टाकून द्यावें, हें मनास पटेना. तेव्हां भाच्यानें त्यावर लिनक्स मिंट घालून दिलें.

हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा लिहून जगापुढें ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाचीं साधनें त्यास येऊन मिळालीं. लिनक्स मिंट विनामूल्य मिळतें. पुण्यांत मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेंहि 'बॉस' नांवाची लिनक्सची भारतीय आवृत्ति काढली आहे. मराठी टंकलेखन इन्स्क्रिप्ट पद्धतीनें उत्तम होतें. मात्र युनिकोडपूर्वींच्या टंकांत लिहिलेला मजकूर आधीं युनिकोडमध्यें बदलून घ्यावा. नाहींतर तो टंक नसलेल्या यंत्रावर पानभर निरर्थक अक्षरें दिसतात.

आमचा खरा प्रश्न बॅकअपचा होता. मिंटबरोबर टाइमशिफ्ट नांवाचें साधन येतें. तें नेमल्या वेळीं यंत्राच्या व्यवस्थेची प्रत घेऊन ठेवतें. एखादी सुधारणा अंगलट आली, तर कालची स्थिति परत आणतां येते. आम्ही निर्धास्त झालों. एके दिवशीं भाच्यानें विचारलें, "मामा, टिपणें त्यांत आहेत का, हें पाहिलेंत का?" पाहिलें, तों नव्हतीं! टाइमशिफ्ट व्यवस्था जपतें; आपलें लेखन ज्या 'होम' भागांत असतें, तो भाग सांगितल्यावांचून तें घेत नाहीं. शिवाय ही प्रत त्याच डिस्कवर पडत होती. म्हणजे डिस्क गेली कीं मूळ आणि प्रत दोन्ही गेलीं. बाहेरची डिस्क जोडली, तर तिची मांडणी विंडोजच्या पद्धतीची, म्हणून टाइमशिफ्ट तिचा स्वीकार करीना. तिला लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीची मांडणी द्यावी लागली. असें करतांना डिस्कवरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें, हें ध्यानांत ठेवावें.

अखेर आम्हीं तीन कामांस तीन साधनें नेमलीं. व्यवस्थेसाठीं टाइमशिफ्ट, लेखनासाठीं आरसिंक, जें दर रविवारीं नव्या व बदललेल्या फाइली तेवढ्याच बाहेरच्या डिस्कवर नेतें, आणि तीन महिन्यांनीं एकदां क्लोनझिला, जें संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेतें. ही प्रतिमा दुसऱ्या एका डिस्कवर घेऊन ती भगिनीच्या घरीं तळेगांवास ठेवतों. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत नदीकांठच्या घरांची काय दशा झाली, हें जुन्या मंडळींस सांगावयास नको. एका घरांतील दोन प्रती एकाच पुरांत जातात.

मग एका सुटीच्या दिवशीं या योजनेची परीक्षा घेतली. यंत्रांतील मुख्य डिस्क काढून ठेवली, तितक्याच मापाची कोरी डिस्क बसविली आणि तळेगांवची प्रतिमा तिच्यावर उतरविली. यंत्र सुरू झालें, टिपणें उघडलीं. परंतु मोडी पत्रांचीं छायाचित्रें त्यांत सांपडेनात. तीं आम्हीं पूर्वीं यंत्रांतील दुसऱ्या डिस्कवर ठेवलीं होतीं, आणि कोणत्याच प्रतींत तीं आलीं नव्हतीं. परीक्षा घेतली नसती, तर हें आम्हांस पुढच्या अपघातानंतरच कळलें असतें.

वेदपठण ऐकलेल्यांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं तेच शब्द उलटसुलट म्हणून पाठ तपासण्याची योजना पूर्वजांनीं करून ठेवली. पाठ झालें असें वाटणें निराळें आणि गुरुजींसमोर न अडखळतां म्हणून दाखविणें निराळें. जी प्रत कधीं परत उतरवून पाहिली नाहीं, तिच्यावर भरंवसा ठेवूं नये, एवढेंच आम्ही यांतून शिकलों.

ज्या वाचकांनीं घरचे कागद संगणकावर उतरविले असतील, त्यांनीं येत्या मृगापूर्वीं एकदां ही परीक्षा घ्यावी. आमचीं छायाचित्रें आतां दोन्ही गांवीं आहेत. वंशवृक्षांतील कोंकणच्या शाखेची जागा मात्र कोरीच राहिली आहे.